दहावीत अडकलेल्या मित्राला मदत करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातला मित्र, वय १९, शिक्षण मराठी माध्यमातून. दहावीला दोनदा बसला, दोन्ही वेळा इंग्रजी आणि गणित राहिले, बाकीचे विषय कसेबसे निघाले. आता गॅरेजमध्ये काम करतो. गाडीचा आवाज ऐकून बिघाड ओळखतो, इतिहास-विज्ञानाचे तोंडी विचारले तर नीट सांगतो, पण कागद समोर आला की गप्प बसतो. सहावीत एका बाईंनी ‘याला वाचनाचा त्रास आहे, कुणाला तरी दाखवा’ असे घरी सांगितले होते, पण पुढे काही झाले नाही. त्याला आयटीआयला मोटार मेकॅनिक करायचे आहे. तुम्ही स्वतः इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात, त्याच्यासाठी रोज तासभर काढू शकता. त्याला कसे शिकवू आणि त्याचा आत्मविश्वास कसा वाढवू, असे तुम्ही विचारले आहे.

तुमचा हा रोजचा तास फार मोलाचा आहे, म्हणूनच तो भलतीकडे खर्च होऊ नये असे मला वाटते. दोनदा नापास झालेल्या मुलाला तेच पुस्तक त्याच पद्धतीने, फक्त जास्त जिव्हाळ्याने शिकवले तर निकाल बहुतेक वेळा तोच लागतो. तुमच्या वर्णनावरून त्याचे डोके चालते आणि स्मरणही चांगले आहे. अडते ते छापील ओळ आणि डोके यांच्या मधल्या वाटेवर. ऐकलेले समजते, समजलेले बोलून दाखवता येते, पण परीक्षा प्रश्न वाचायला लावते आणि उत्तर लिहायला लावते. नेमकी हीच दोन कामे त्याला जमत नाहीत. तेव्हा आधी नेमके कुठे अडते ते बघा, मग त्याचा सरकारी कागद तयार करा, त्यानंतर परीक्षेची वाट ठरवा. अभ्यास या सगळ्याच्या जोडीने चालू द्या. आत्मविश्वासासाठी वेगळे काही करू नका. समजावणीची भाषणे आणि प्रेरणेचे व्हिडिओ त्याने आजवर पोटभर ऐकले असणार. ज्या दिवशी एखादा प्रश्न त्याचा त्याला सुटेल, त्या दिवशी फरक तुम्हालाच दिसेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट त्याला विचारा: हे त्याला स्वतःला हवे आहे का, आणि कुणाकुणाला कळलेले चालेल? गॅरेजच्या मालकाला, घरच्यांना, जुन्या शाळेला? १९ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ‘त्याच्या भल्यासाठी’ म्हणून परस्पर चौकशा सुरू केल्या तर तो तिसऱ्या आठवड्यात यायचा बंद होतो.

आता अडचण कुठे आहे ते घरी अंदाजाने कसे बघायचे ते सांगतो. सातवीच्या मराठीच्या पुस्तकातला, त्याला आठवत नसलेला दीड-दोनशे शब्दांचा उतारा घ्या. तो त्याला मनात वाचू द्या, किती मिनिटे लागली ते टिपून ठेवा आणि त्यावर पाच प्रश्न तोंडी विचारा. दुसऱ्या दिवशी तेवढाच दुसरा उतारा तुम्ही सावकाश वाचून दाखवा आणि पुन्हा पाच प्रश्न विचारा. ऐकून चार-पाच बरोबर आणि वाचून एक-दोन असे झाले तर अडसर छापील मजकुराचा आहे. दोन्हीकडे कमीच आले तर गोष्ट निराळी आहे. तिथे शब्दसंग्रह, लक्ष टिकणे किंवा एकूण आकलन यांचा प्रश्न असू शकतो, आणि मी पुढे सांगतो त्यातले बरेचसे तुम्हाला बदलून घ्यावे लागेल. तिसऱ्या दिवशी चार ओळी पुस्तकात बघून उतरवायला सांगा आणि चार ओळी तुम्ही सांगा, त्याने लिहाव्यात. बघून बरोबर उतरवतो पण सांगितलेले चुकते, याचा अर्थ ध्वनी आणि अक्षर यांची सांगड कच्ची आहे. बघूनही ओळ सुटते, अक्षरे गळतात, तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. कानही तपासून घ्या. या दोन तपासण्या झाल्याशिवाय पुढचे निदान कुणी नीट करू शकत नाही.

चुका मोजताना सगळ्या एकाच टोपलीत टाकू नका. मराठीत वाचताना अडणाऱ्या मुलांच्या चुका ठरावीक जागी साचतात: ध-घ, भ-म, थ-य, ब-व, ड-ढ अशा दिसायला जवळच्या जोड्या, पहिली आणि दुसरी वेलांटी, एक मात्रा आणि दोन मात्रा, आणि सगळ्यात जास्त ‘र’. एकच ‘र’ ‘कर्म’मध्ये वरच्या बाजूला जातो, ‘क्रम’मध्ये खाली, ‘राष्ट्र’मध्ये आणखी वेगळा दिसतो आणि ‘दऱ्या’मध्ये चौथेच रूप घेतो. रफार ज्या अक्षरावर दिसतो त्याच्या आधी उच्चारायचा असतो, हे आपण नकळत शिकलेलो असतो. त्याला ते कधीच कुणी उलगडून सांगितलेले नसते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मात्र सगळेच करतात, त्यावरून काही ठरवू नका.

गणितातही दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. शाब्दिक उदाहरण वाचताच आले नाही म्हणून चुकणे वेगळे, आणि आकड्यांचेच नाते न उमगणे वेगळे. पाच शाब्दिक उदाहरणे त्याला स्वतः वाचून सोडवू द्या आणि तशीच पाच तुम्ही वाचून दाखवा. गॅरेजमध्ये तो पार्टचे बिल जोडतो का, सुटे पैसे बरोबर देतो का, ‘ऑइल साधारण किती लागेल’ याचा अंदाज त्याला येतो का, तेही बघा. हे जमत असेल तर त्याच्या आकड्यांची समज शाबूत आहे, आणि गणितात नापास होण्याचे मूळही वाचनातच असण्याची शक्यता मोठी आहे. मला तुमच्या प्रश्नावरून हीच शक्यता जास्त वाटते.

या घरगुती पाहणीला निदान म्हणू नका. ती टिपणे एका पानावर तारखेसह लिहून ठेवा, कारण दवाखान्यात तीच सगळ्यात उपयोगी पडतात.

आता कागदाकडे येऊ. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ या कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी आहे आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे लोक ज्याला एलडी किंवा डिस्लेक्सिया म्हणतात ती, त्यात स्पष्ट नोंदलेली आहे. महाराष्ट्रात तर अशा मुलांना परीक्षेत सवलती देणे १९९० च्या दशकातच सुरू झाले. म्हणजे तुम्ही उपकार मागायला जात नाही. कायद्यानंतर २०१८ मध्ये आलेल्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या अक्षमतेची तपासणी ८ वर्षांनंतर, पुन्हा १४ व्या वर्षी आणि १८ व्या वर्षी करायची आणि १८ ला मिळालेले प्रमाणपत्र कायमचे धरायचे, असा नियम ठेवला आहे. तुमचा मित्र १९ चा आहे, म्हणजे एकदाच हे काम नीट केले की पुन्हा हेलपाटे नाहीत.

अर्ज दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठीच्या केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ पोर्टलवर करायचा, आणि तपासणी सरकारी किंवा महापालिकेच्या अधिकृत रुग्णालयात होते. मुंबईत सायन, नायर आणि केईएम ही नावे या कामासाठी पालकांच्या ओळखीची आहेत. तुमच्या भागात जिल्हा रुग्णालयात चौकशी करून सुरुवात करा. तिथे मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक दोघेही उपलब्ध नसतील तर जवळच्या कुठल्या रुग्णालयाकडे पाठवतात ते लेखी मागून घ्या. एका खेपेत काम होत नाही. एका दिवशी डॉक्टर बघतात, दुसऱ्या दिवशी बुद्धिमापन, आणखी एका दिवशी वाचन-लेखन-गणिताची चाचणी. गॅरेजमधून तीन-चार दिवसांची सुट्टी लागेल हे मालकाला आधीच सांगून ठेवा. बुद्धिमापनाचे नाव ऐकून तो दचकेल. त्याला सरळ सांगा की तुझी समज चांगली असूनही वाचन मागे आहे, हे दाखवण्यासाठीच ती चाचणी असते.

सोबत काय न्यायचे यावर बरेच अवलंबून असते. मोठ्या वयात पहिल्यांदा आलेल्या मुलाच्या बाबतीत ‘हा त्रास लहानपणापासून होता’ हे दिसावे लागते. म्हणून प्राथमिक शाळेतल्या जुन्या वह्या (घरी माळ्यावर शोधा), प्रगतिपुस्तके, दहावीच्या दोन्ही गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, डोळे-कान तपासणीचे कागद आणि जमले तर त्या सहावीच्या बाईंचे चार ओळींचे पत्र घ्या. त्या बाई निवृत्त झाल्या असल्या तरी चालेल. खाजगी मानसशास्त्रज्ञाचा अहवाल अभ्यास ठरवायला उत्तम, पण परीक्षेच्या सवलतीसाठी मंडळ अधिकृत रुग्णालयाचेच प्रमाणपत्र मागते. तेव्हा पैसे बेताचे असतील तर खाजगी तपासणीवर खर्च करू नका. एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे महिने वाया जातात: आधार, दाखला आणि गुणपत्रिका यांवरचे नाव अक्षरशः सारखे आहे का ते आजच बघा. आईचे नाव, आडनावाचे स्पेलिंग, जन्मतारीख, कशातही फरक असेल तर आधी तो दुरुस्त करा.

परीक्षेची वाट निवडताना मात्र तुम्ही दोघांनी शांतपणे बसायला हवे, कारण इथे घाईत घेतलेली सवलत पुढचे दार बंद करू शकते.

पहिली वाट राज्य मंडळाची. तो आधी परीक्षेला बसलेला आहे, म्हणून १७ नंबरचा फॉर्म त्याच्यासाठी नाही. तो दहावीला पहिल्यांदाच बाहेरून बसणाऱ्यांसाठी असतो. तुमचा मित्र पुनर्परीक्षार्थी. राहिलेल्या दोनच विषयांचा अर्ज त्याच्या जुन्या शाळेमार्फत भरायचा, मुख्य परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पुरवणी परीक्षा जून-जुलैच्या सुमारास. सवलतीचा प्रस्तावही मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. सातारा जिल्हा कोल्हापूर विभागात येतो. मिळू शकणाऱ्या सवलती अशा: जादा वेळ (साधारण हिशेब तासाला २० मिनिटे, म्हणजे गणिताच्या दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटे), लेखनिक (तो सांगेल ते उत्तर लिहून देणारा), शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, कॅल्क्युलेटर, आणि काही विषयांना पर्याय. यातले काय कुणाला द्यायचे हे प्रमाणपत्रावरच्या नोंदीनुसार ठरते, म्हणून वाचन, लेखन आणि गणित यांपैकी कशात अडचण आहे ते प्रमाणपत्रात वेगवेगळे लिहिले आहे का ते दवाखान्यातून निघण्यापूर्वीच वाचून घ्या.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. महाराष्ट्रासाठी तिचे प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे. इथे दहावीला पाच विषय लागतात आणि त्यात किमान एक भाषा हवी, ती मराठी असू शकते. म्हणजे इंग्रजी वगळता येते, गणितही वगळता येते. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के लागतात. नोंदणी पाच वर्षे चालते, तेवढ्यात नऊ संधी मिळतात, परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते आणि एका वेळी एक-दोनच विषय दिले तरी चालतात. शिवाय राज्य मंडळाच्या परीक्षेत निघालेल्या विषयांपैकी दोनपर्यंत विषयांचे गुण इकडे वळवून घेता येतात. विज्ञान आणि सामाजिक शास्त्र वळवले, तर उरतात तीनच. पूर्णवेळ काम करणाऱ्या मुलाला ही रचना मानवते.

मग सरळ एनआयओएस का नको? कारण त्याला मोटार मेकॅनिक व्हायचे आहे. आयटीआयच्या या ट्रेडला दहावी विज्ञान आणि गणितासह मागतात. गणित टाळून मिळालेली दहावी त्या खिडकीवर अपुरी ठरेल. तीच गोष्ट राज्य मंडळातल्या, दहावीच्या गणिताऐवजी सातवीच्या पातळीचे गणित घेण्याच्या पर्यायाची. ज्याला पुढे गणित लागणारच नाही त्याच्यासाठी तो पर्याय वरदान आहे, तुमच्या मित्रासाठी सापळा ठरू शकतो. वेल्डर, प्लंबर, सुतारकाम यांसारख्या काही ट्रेडना आठवी पासवरही प्रवेश असतो, पण त्याचे मन तिकडे नसेल तर तो विषय काढू नका. जवळच्या आयटीआयमध्ये जा, मोटार मेकॅनिकची चालू वर्षाची पात्रता समोर ठेवून विचारा: ‘गणित या सवलतीने पास झालेले चालेल का?’ उत्तर ऐकून मगच निवड करा. आणि बारावी कनिष्ठ महाविद्यालयातून करायचा विचार कधी आला, तर तिथे इंग्रजी सक्तीचे आहे हेही ध्यानात असू द्या.

माझा कौल असा: प्रमाणपत्र हाती येईल त्यानुसार राज्य मंडळात गणित पूर्ण पातळीचेच द्यावे, जादा वेळ आणि लेखनिक किंवा वाचून दाखवणारा घेऊन. इंग्रजीत शुद्धलेखनाची सूट आणि जादा वेळ मिळवून ३५ ची मजल मारावी. एक मुख्य आणि एक पुरवणी परीक्षा देऊनही इंग्रजी निघाले नाही, तर तेव्हा एनआयओएसकडे वळावे: मराठी, गणित, तिसरा त्याच्या आवडीचा एक विषय आणि दोन वळवलेले. प्रमाणपत्रात गणिताची अक्षमता ठळक निघाली, तर हा कौल बदलेल आणि मग ट्रेडचाच फेरविचार करावा लागेल.

इथवरचे थोडक्यात: नाव-तारखा जुळवा, डोळे-कान तपासा, प्रमाणपत्राच्या रांगेत लागा, आयटीआयची अट विचारा, मग फॉर्म. यात चार-सहा महिने सहज जातात, म्हणून निकालानंतर लगेच, पावसाळ्यातच सुरुवात केली तर फेब्रुवारी गाठता येते. अभ्यास मात्र आजच सुरू होऊ शकतो.

गॅरेजमधून रात्री नऊला आलेल्या मुलाकडून तासभर वाचून घेऊ नका. वाचनात अडणाऱ्याला एक पान वाचायला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त शक्ती लागते, आणि थकल्यावर सगळ्यात आधी तीच संपते. सकाळी कामावर जाण्यापूर्वी ४० मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, एवढे पुरे. त्यातली पहिली पाच मिनिटे कालचे तोंडी, न बघता. पुढची १५ मिनिटे नवे, तुम्ही वाचायचे आणि त्याने ऐकायचे. मग १५ मिनिटे त्याने उत्तर द्यायचे, बोलून किंवा मुद्द्यांचे चार शब्द लिहून. शेवटची पाच मिनिटे फक्त अक्षरांसाठी.

ती शेवटची पाच मिनिटे वाचन सुधारण्यासाठी आहेत, आणि ती तेवढीच ठेवा. परीक्षेच्या वर्षी वाचन ‘बरे करण्याचा’ हट्ट धरला की विषय मागे पडतात. एका आठवड्याला एकच जोडी किंवा एकच नियम घ्यायचा: या आठवड्यात फक्त रफार. दहा शब्द, मोठ्या अक्षरात, तो आवाज तोडून म्हणेल (‘क-र्-म’), बोटाने टेबलावर गिरवेल, मग लिहील. पुढच्या आठवड्यात ध-घ. इंग्रजीत बी-डी आणि मुके ‘ई’ असेच सुटे-सुटे घ्या. तेच शब्द २० वेळा लिहायला लावू नका. त्याने हात दुखतो आणि चूकही २० वेळा पक्की होते. वर्गात मोठ्याने वाचून घेणे हा त्याच्यासाठी जुना अपमान असणार, तुमच्यासमोरही तो नकोच.

पुस्तकाची पाने झेरॉक्सवाल्याकडून मोठी करून घ्या. ए-४ चे ए-३ करताना यंत्रावर १४१ टक्के निवडतात, तेवढे पुरते. ओळ सुटू नये म्हणून पोस्टकार्डाला एका ओळीएवढी खिडकी कापा आणि ते पानावर सरकवत न्या. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात मोफत मिळतात. फोनमधल्या गूगल लेन्सने पानाचा फोटो काढून ‘ऐका’ दाबले की मराठी मजकूरही वाचून दाखवला जातो. उच्चार यांत्रिक असतो, पण गॅरेजमध्ये दुपारच्या जेवणानंतर हेडफोन लावून ऐकायला पुरेसा. त्याहून चांगले म्हणजे तुमचा आवाज. प्रत्येक धड्याच्या सात-आठ मिनिटांच्या फाइली करा. सुरुवातीला धड्याचे नाव, मग मजकूर, आणि शेवटी तीन प्रश्न विचारून प्रत्येकानंतर दहा सेकंद गप्प राहा, म्हणजे तो मनात उत्तर देईल. एकच फाइल दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी ऐकायला लावा. लागोपाठ तीनदा ऐकण्यापेक्षा असे अंतर सोडून ऐकलेले जास्त टिकते.

गणितासाठी चौकटीची वही आणा, एका चौकटीत एकच अंक. आकडे रांगेतून सरकल्यामुळे होणाऱ्या चुका त्याने पहिल्याच आठवड्यात कमी होतात. पाढ्यांची पट्टी समोर राहू द्या, पाठांतर ही आत्ताची लढाई नाही. भाग १ आणि भाग २ प्रत्येकी ४० गुणांचे आहेत, सगळी प्रकरणे सारख्या ताकदीने करायची गरज नाही. अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी व्यवहाराला जवळची आहेत. दोन चलांतील रेषीय समीकरणे पायऱ्यांनी सुटतात. भूमितीत भौमितिक रचना पहिल्यांदा घ्या. पाना-मोजपट्टी हाताळणाऱ्या मुलाचा हात तिथे चालतो आणि वाचायला फारसे नसते. पायथागोरस आणि महत्त्वमापन शिकवताना गॅरेजमधलीच वस्तू घ्या. सिलिंडरचे घनफळ त्याला इंजिनातून माहीत आहे, फक्त सूत्राशी ओळख व्हायची आहे. प्रत्येक प्रकरणाची सूत्रे एका पोस्टकार्डावर, शेजारी आकृती, एका कार्डावर चारपेक्षा जास्त नाहीत. शाब्दिक उदाहरण तुम्ही वाचा आणि ‘काय दिले, काय हवे’ एवढेच त्याला आकृतीत मांडू द्या. सोडवायची घाई नंतर.

इंग्रजीत व्याकरणाच्या मागे लागू नका. कृतिपत्रिकेत उतारा दिलेलाच असतो आणि पुष्कळ उत्तरे त्यातच असतात. त्याला प्रश्नातले ठरावीक २५-३० शब्द ओळखता आले पाहिजेत: कम्प्लीट, फाइंड, मॅच, चूज, गिव्ह रीझन, रायटर, अपोझिट असे. रोज तीन शब्द, शब्दाचा आकार आणि अर्थ, स्पेलिंग नको. पत्र आणि आकृतीतली माहिती वाक्यांत मांडण्याचा प्रश्न, या दोन्हींचे साचे पाठ होतात. बाजारातले ‘अपेक्षित’ प्रश्नसंच प्रश्न शोधायला वापरा, उत्तरे पाठ करायला नको. लांब इंग्रजी उत्तर पाठ करणे ही त्याच्यासाठी सगळ्यात महाग आणि सगळ्यात आधी विसरली जाणारी गोष्ट आहे.

लेखनिक घ्यायचा की नाही? तो भराभर बोलतो आणि लिहिताना रखडतो, म्हणून घ्यावा असे मला वाटते. पण लेखनिक मिळाला म्हणजे गुण मिळाले असे मुळीच होत नाही. हवेत बोलणे आणि उत्तर सांगून लिहवून घेणे या दोन वेगळ्या कला आहेत. लेखनिक खालच्या इयत्तेतला, साधारण नववीचा लागतो, म्हणून तुम्ही स्वतः बसू शकणार नाही. ऑक्टोबरपर्यंत असा एखादा मुलगा किंवा मुलगी नक्की करा, आयत्या वेळी ती आजारी पडली तर म्हणून दुसरे नावही ठेवा, आणि मित्र व लेखनिक अशा दोघांना मिळून किमान आठ-दहा सराव पेपर वेळ लावून सोडवू द्या. त्या सरावात ठरवायच्या गोष्टी अशा: प्रश्न सलग दोनदा वाचायचा, मग थांबायचे. तुमच्या मित्राने आधी मुद्दे बोटांवर मोजायचे, मग पूर्ण वाक्ये सांगायची, ‘नवा मुद्दा’ असे तोंडाने म्हणायचे. गणितात प्रत्येक पायरी, बरोबरचे चिन्हसुद्धा, सांगायची. भूमितीची रचना आणि आकृत्या त्याने स्वतःच काढायला मिळतील का, हे मंडळाच्या पत्रात बघून ठेवा. जादा वेळ कुठे वापरायचा तेही आधी ठरवा, नाहीतर शेवटची ४० मिनिटे नुसती घाम पुसण्यात जातात. एखाद्याला हातात पेन असल्याशिवाय विचारच सुचत नाहीत. दोन-तीन पेपरांत तसे दिसले तर लेखनिक सोडा आणि फक्त जादा वेळ ठेवा.

शाळेत प्रस्ताव देताना ‘हे आधी का नाही केलेत’ असे ऐकावे लागेल. वाद घालू नका. प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत आणि अर्ज द्या, आवक क्रमांकासह पोच घ्या, आणि दर पंधरा दिवसांनी तो क्रमांक सांगून चौकशी करा. तोंडी ‘पाठवले आहे’ यावर विसंबून राहिलेल्या मुलांना परीक्षेच्या दिवशी सवलत मिळत नाही, असे फार वेळा होते.

मधे एखादा आठवडा तो येणार नाही, फोन उचलणार नाही. तेव्हा अभ्यासाचा विषय न काढता गॅरेजवर चहाला जा. सलग बरेच दिवस झोप उडालेली, ‘माझ्याने काहीच होणार नाही’ असे बोलणे, जगण्याचाच कंटाळा, असे दिसले तर अभ्यास बाजूला ठेवून त्याच्या घरच्यांना विश्वासात घ्या आणि १४४१६ या टेली-मानसच्या मोफत सरकारी क्रमांकावर बोला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दोघे मिळून केंद्रावर जा. सोबत हॉल तिकीट, मंडळाचे सवलतीचे पत्र, प्रमाणपत्र आणि लेखनिकाचे ओळखपत्र, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. केंद्रसंचालकांना भेटून बसायची खोली विचारा. लेखनिक असलेल्याला वेगळी खोली देतात, नाहीतर त्याचे बोलणे इतरांना ऐकू जाते. जादा वेळ घड्याळात किती वाजेपर्यंत ते त्यांच्याकडूनच ऐकून घ्या. दुसऱ्या दिवशी मूळ कागद त्याच्या खिशात असू द्या आणि झेरॉक्सचा एक संच तुमच्याकडे. पेपर सुरू झाल्यावर पहिला अर्धा तास फाटकाजवळच थांबा. काही अडले तर त्याच वेळात अडते, आणि तेव्हा आवक क्रमांकाचा कागद हातात असलेला माणूस बाहेर हवा.